तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ टाक्या आणि तीन हीटर

आमच्या घराच्या मागच्या खोलीत डोकावलेला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो : "थंडीत एवढ्या टाक्या गरम ठेवायच्या म्हणजे लाईटबिल किती येतं हो?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना उत्तर नको असते, मी उधळी आहे एवढेच सुचवायचे असते. परंतु ज्यांच्याकडे माशांची एक टाकी आहे आणि दुसरी-तिसरी आणावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर उत्तर.

आम्ही नाशिकला राहतो. येथली थंडी काय असते हे निफाडच्या द्राक्षबागायतदारांना विचारावे. पारा फार उतरला की ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. शहरात तेवढा कडाका नसला, तरी डिसेंबर-जानेवारीत माझ्या बंद खोलीचे तापमान पहाटे १८-१९ अंशांवर येते, आणि मॉली, गुरामी, एंजल या माशांना सुमारे २५ अंश लागतात. म्हणजे भांडण सहा-सात अंशांचेच. पहिल्या हिवाळ्यात ते मी प्रत्येक टाकीत एक, असे नऊ हीटर सोडून मिटवले. भाडेकरूंसाठी लावतात तसला एक सबमीटर त्या खोलीला होता. त्यावर दिवसाला आठ युनिटे पडू लागली आणि घराच्या बिलाने ३०० युनिटांचा टप्पा ओलांडला. त्यापुढे युनिटाचा दरच वाढतो, हे बिल हातात पडल्यावर नीट समजले.

तेव्हा हिशेब मांडला. ५० लिटर पाणी सहा अंशांनी तापवायला जेमतेम एक तृतीयांश युनिट पुरते, आणि तेही एकदाच. खर्च पाणी तापवण्याचा नसतो, तापलेल्या पाण्यातून रात्रंदिवस निसटणाऱ्या उष्णतेचा असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घेतली, तर चार बाजू, तळ आणि वरचे तोंड मिळून दहा चौरस फूट पृष्ठभाग होतो व त्या सगळ्यातून ऊब बाहेर जाते. मागची बाजू, दोन्ही कडा आणि तळ हे सहा चौरस फूट इंचभर जाडीच्या थर्मोकोलने झाकले आणि वर काचेचे झाकण ठेवले, की ही गळती जवळजवळ निम्म्यावर येते. झाकणाचा कंटाळा अनेकांना असतो. पण उघड्या पाण्याची वाफ होताना ते पाणी जितके थंड होते, तितके काचेतून होत नाही, त्यामुळे झाकण नसेल तर थर्मोकोलचे कौतुक करण्यात अर्थ नाही. थर्मोकोल मी विकतही घेतला नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतून निघालेला दुकानदार आनंदाने देतात.

आणखी बचत टाक्यांच्या मांडणीने झाली. पूर्वी टाक्या लांबीने, एकीपुढे एक अशा मांडलेल्या होत्या, कारण तशाच त्या देखण्या दिसतात. आता कपाटात पुस्तके लावावीत तशा त्या आडव्या लावल्या आहेत : लांब बाजू शेजारणीला चिकटलेली आणि एक फुटाची अरुंद बाजू समोर. चार सुट्या टाक्यांचा पृष्ठभाग ४० चौरस फूट होतो, तोच त्या अशा चिकटवल्यावर २८ वर येतो. मासे पाहायला किंचित वाकावे लागते, हे मान्य. वरच्या फळीवर अशा चार टाक्या आहेत; त्यांपैकी कडेच्या दोहोंत, म्हणजे मॉली व गुरामींच्या टाक्यांत, ५० वॉटचा एकेक हीटर आहे आणि मधल्या दोन शेजाऱ्यांच्या उबेवर २३ अंशांच्या आसपास राहतात. तेवढे गप्पी आणि प्लॅटींना पुरते.

खालच्या फळीवर हीटरच नाही. उबदार हवा वर जाते, त्यामुळे तिथे नेहमीच एखादा अंश कमी असतो, आणि तिथले मासे थंडी सोसणारेच निवडले आहेत : झेब्रा, रोझी बार्ब, व्हाइट क्लाऊड आणि गोल्डफिशची पिल्ले. झेब्रा आणि रोझी बार्ब तर आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांचे रहिवासी. त्यांना थंड-गरम दोन्ही ठाऊक असते. तिसरा हीटर, १०० वॉटचा, एंजलच्या तीन फुटी टाकीत. एवढ्यावर दिवसाला दोन युनिटांच्या आतबाहेर काम भागते.

टाक्या जुन्याच घेतल्या. गळकी टाकी स्वस्त मिळते. आतले जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून नवे भरायचे, मात्र बुरशीरोधक औषध घातलेले नव्हे, साधे. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण गेल्यावर अंगणात दोन दिवस पाणी भरून पाहायचे. रॅक स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा, बंद पडलेल्या दुकानातून घेतलेला. चार भरलेल्या टाक्यांचे वजन २४० किलोच्या घरात जाते, म्हणून तो तळमजल्यावरच आहे; वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा विचार आधी करावा. गाळण्यासाठी नऊ स्पंज फिल्टर आणि एकच एअर पंप. त्याची हवा पीव्हीसी पाइपातून, टाकीगणिक एकेक कॉक लावून वाटलेली. पंप खोलीतच ठेवावा, खिडकीबाहेर ठेवल्यास तो रात्रभर थंड हवेचे बुडबुडे सोडत बसतो.

काटकसर कुठे करू नये, हे मी मासे गमावून शिकले. सर्वांत स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट एका रात्री चालूच राहिला आणि सकाळी टाकीतले पाणी ३६ अंशांवर होते. चौदा मासे गेले. आता हीटरच्या आधी वेगळा डिजिटल तापमान नियंत्रक आहे, खोलीला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच आहे, आणि पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबण्याचा नियम आहे, कारण तापलेली काच उघडी पडून पुन्हा पाण्यात गेली की तडकते. बिल वाचवायला रात्री हीटर बंद ठेवणाऱ्यांना मी विशेष विनवते : तापमान रोज खालीवर झाले की मासे अशक्त होतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाकीभर पसरतो. त्यापेक्षा सतत २३ अंश ठेवलेले बरे.

पाणी बदलायला आमच्या बोअरवेलची मोठी मदत होते, कारण थंडीतही ते पहाटे कोमट निघते. बादलीत अर्धा तास हवा सोडून ते टाकीत घालते. जड पाणी मॉली-गप्पींना मानवते, मात्र हीटरवर क्षारांचा थर चढतो. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की तिन्ही हीटर बाहेर काढते, व्हिनेगरमध्ये भिजवून तो थर उतरवते आणि पुढच्या मार्गशीर्षापर्यंत डब्यात ठेवून देते. थर्मोकोल मात्र काढत नाही. एप्रिल-मेमध्ये खोली तापते, तेव्हा तोच पाणी थंड ठेवायला लागतो.