वरच्या कप्प्यातली डिश

लेट्यूसच्या बियांच्या एका नमुन्याची उगवण चाचणी, सातव्या दिवसाची मोजणी. १०० बियांची एक, अशा चार डिश. उगवण कक्षाच्या दारावरचा आकडा २०.२ अंश. खालच्या तीन डिशमध्ये सामान्य रोपं ९३, ९५ आणि ९२. वरच्या कप्प्यातल्या चौथीत फक्त ३८.

सरासरी ७९.५ येते आणि ती लिहून मोकळं व्हायचा मोहही होतो. पण ऐंशीच्या आसपासच्या सरासरीला डिश-डिशमधला फरक १६ पर्यंतच चालतो. इथे तो ५७ होता. चाचणी रद्द.

पहिला संशय पाण्यावर. ९० मिमीच्या डिशमध्ये दोन फिल्टर पेपरना ४-५ मिली पाणी पुरतं. कागद बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाण्याची कड उमटली तर ते जास्त झालं; बीवर पाण्याचा थर बसतो आणि ऑक्सिजन तुटतो. इथे कड नव्हती.

मग न उगवलेलं बी एकेक करून चिमट्याने दाबलं. ५ बिया पिचपिचीत, बुरशी धरलेल्या, म्हणजे मेलेल्या. २ रोपं असामान्य. उरलेल्या ५५ बिया फुगलेल्या आणि टणक. मेलेलं बी आठवडाभर ओल्यात असं टणक राहत नाही.

डिशच्या झाकणाखाली तापमापकाची तार सरकवली. दिवे लागल्यावर तासाभरात ३०.५ अंश! कक्षाचा सेन्सर खाली पंख्याशेजारी, दिवे वरच्या कप्प्याला खेटून. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांचं बी ३० च्या आसपास अडतं: गर्भाभोवतीचं आवरण उष्णतेत सैल पडत नाही आणि मूलांकुराला ते फोडता येत नाही. ती डिश मधल्या कप्प्यात २० अंशांवर ठेवली. दोन दिवसांत ५५ पैकी ५१ बियांना मोड आले.

तरी दिवा जवळ म्हणजे उजेडही जास्त, म्हणून दोन्ही वेगळे करून पाहिले. २० आणि ३० अंश, उजेड आणि अंधार. प्रत्येक जोडीला ५० बियांच्या चार डिश, एकूण १६. अंधारातल्या डिशना पाणी घालताच ॲल्युमिनियम फॉइलचे दोन वेढे द्यायचे आणि थेट शेवटच्या दिवशीच उघडायच्या. मध्येच ‘जरा बघू’ म्हणून पांढऱ्या दिव्यात उघडलेली डिश अंधारातली राहत नाही. ओलं बी थोड्या तांबड्या प्रकाशानेही जागं होतं. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलला वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्थविक आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसवरच हे दाखवलं होतं. आमच्या नमुन्यात २० अंशांवर अंधारातही बी उगवलं, ३० वर उजेडातही अडलं. दोष उष्णतेचाच.

अडलेलं बी उगवतं करायचे नेहमीचे उपाय, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचं ०.२ टक्के द्रावण किंवा ओल्या बियांना आधी थंडीत ठेवणं, मुद्दाम टाळले. त्याने आकडा कदाचित सुधारला असता, पण कक्षातला बिघाड झाकला गेला असता.

दिवे बाजूच्या भिंतीवर घेतले, तापमापकाची तार कायमची डिशमध्ये ठेवली. फेरचाचणीत ९४, ९१, ९५, ९४. सरासरी ९३.५, अहवालात पूर्णांक लिहितात, म्हणून ९४.