रविवारचं शटर

रविवार, ११ जून २०२३, ड्युसेलडॉर्फ. रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खोलीतला दिवा न लावता लिहितोय, एवढा उजेड बाहेर आहे.

काल सकाळी कोल्हापुरातून निघालो. चौघंही फौंड्रीवाले, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे. शिरोलीचे आम्ही दोघं, गोकुळ शिरगावचा एक आणि उद्यमनगरातले अण्णा. उद्या इथं गिफा सुरू होतंय. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या धंद्यातल्या माणसाला गिफा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी : ओतकामाचं मोठं प्रदर्शन, १९५६ साली ते पहिल्यांदा भरलं आणि आता चार वर्षांतून एकदा भरतं. ओतकामवाल्यांची जोतिबाची यात्राच म्हणा.

बॅग भरताना घरात दोन पक्ष पडले होते. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तुपाची बरणी बाद, पेढे बाद. "तूप काय बाँब हाय व्हय रं?" इति आई. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बायकोनं स्वतःच काढल्या. "अहो, विमानात खोबरं चालत नाही, तेलानं पेट घेतंय म्हणे." कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी एवढं वाचलं.

कोल्हापूर सोडताना आभाळ कोरडंच होतं. बिपरजॉय वादळानं पाऊस अडवलाय, हे गाडीत प्रत्येकानं एकेकदा सांगून झालं. पुण्याजवळ दिंड्यांचे ट्रक लागले, तुकोबांच्या पालखीचं कालच देहूहून प्रस्थान होतं. अण्णांनी गाडीतूनच हात जोडले. विमान मध्यरात्रीनंतरचं, जवळपास नऊ तासांचं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समोरच्या पडद्यावर कधी कॅस्पियन दिसला, कधी काळा समुद्र, आणि अण्णा घोरत होते.

फ्रँकफर्टला पासपोर्ट पुढे केला तर कव्हरातून अंगाऱ्याची पुडी सरकून काउंटरवर पडली. आईनं ती कधी सारली होती कोण जाणे. अधिकाऱ्यानं पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेस्से?" म्हणजे प्रदर्शनाला आलास का. "मेस्से," मी म्हटलं. शिक्का बसला.

रेल्वे स्टेशन विमानतळालाच जोडलेलं. फलाटावर जायला ना गेट, ना तपासनीस. तिकीट गाडीत बघतात. कोलोनच्या बाजूला गाडीनं ताशी ३०० किलोमीटरचा वेग धरला. शेजारच्या महामार्गावरच्या मोटारी मागं मागं जायला लागल्या. अण्णा म्हणाले, "ह्याची ब्रेक डिस्क बघाय पाहिजे एकदा."

दुपारी हॉटेलात सामान टाकून पाणी आणि काहीबाही घ्यायला बाहेर पडलो, तर रस्ताच्या रस्ता बंद. कपड्यांची दुकानं, किराणा, हार्डवेअर, सगळ्यांचे दिवे मालवलेले. मला वाटलं, आज सण असणार. हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं, रविवार आहे. इथं रविवारची विश्रांती चक्क राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं ते कलम पुढं आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय. उघडं होतं ते स्टेशनातलं दुकान. तिथं पाण्याच्या बाटलीमागे २५ सेंट जादा घेतले, रिकामी बाटली परत दिली की मिळतात. पाणी निघालं सोड्याचं.

आमच्याकडं रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग नसेल तर माणसं काळजीत पडतील. आणि माझ्या फौंड्रीत डिस्पॅच अडला की रविवार बघत नाही. ओव्हरटाइम डबल देतो, पोरंही नाही म्हणत नाहीत. असं मी म्हणतो. नाही म्हणायची सोय त्यांना किती आहे, हे मी कधी विचारलेलं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळं, १० जून १८९० रोजी. कालच १० जून होता. त्यासाठी आपल्याकडं बरीच वर्षं भांडावं लागलं, ते मी शाळेत पाठ केलं आणि कारखाना काढल्यावर विसरलो.

संध्याकाळी ऱ्हाईनच्या काठानं हिंडलो. अख्खं गाव सायकलवर किंवा गवतावर. आम्ही मात्र खाली मान घालून गटाराची झाकणं बघत चाललो होतो, सवयच ती. इथल्या बऱ्याच झाकणांत बाहेरची कडी बिडाची आणि मध्ये काँक्रीट भरलेलं. वर डी ४०० असा शिक्का, म्हणजे ४०० किलोन्यूटन, साधारण ४० टनांचा भार. अण्णा चक्क गुडघ्यावर बसले आणि पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथल्या रेघेवरून, बोट फिरवलं. "फेटलिंग बरं हाय." म्हणजे कडेचा जादा धातू नीट घासून काढलाय. एक बाई कुत्रं घेऊन थांबली, काही हरवलंय का म्हणून विचारायला.

जुन्या गावात आल्टबिअर, म्हणजे इथली गडद बिअर. छोटा ग्लास संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढतो. थांबायचं असेल तर पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. हे अण्णांना माहीत होतं, पण आम्हाला त्यांनी उशिरा सांगितलं.

आत्ता कोल्हापुरात रात्रीचा एक वाजलाय. थोड्या वेळापूर्वी रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन आला. ब्लोहोलचे, म्हणजे ओतीव मालात वायूनं पडलेल्या भोकांचे फोटो पाठवले होते. वाळूतला ओलावा तपास, म्हटलं, आणि ती मोल्ड, म्हणजे वाळूचा साचा, बाजूला ठेव. त्यानं विचारलं, "साहेब, पुढच्या रविवारी पण फर्नेस चालू ठेवायची न्हवं? पोरांना आत्ताच सांगाय लागंल."

डिस्पॅच बघून सांगतो, म्हणालो.