रात्री साडेअकरालाही ड्रायर फिरतच होता

मागच्या जानेवारीतली गोष्ट. इथे न्यू जर्सीत बाहेर बर्फ, आई-बाबा साताऱ्याहून आलेले, त्यामुळे धुणंही दुप्पट. जेवणाच्या आधी कपडे वाळवायचा ड्रायर ऑटो ड्रायवर (कपडे वाळले की आपोआप बंद होण्याच्या सेटिंगवर) लावला आणि विसरले, रात्री साडेअकराला आई खालून हाक मारतेय, "अगं, हे मशीन अजून फिरतंय, बंद कधी व्हायचं?" जाऊन बघते तर टायमरचा नॉब मी जिथे ठेवला होता तिथेच, तसूभरही हललेला नाही. चार तास! दार उघडल्यावर ड्रम थांबला, पण कपडे ओलसर आणि गार.

सकाळी एका रिपेअरवाल्याला फोन केला, त्याने दोन मिनिटं ऐकून सांगितलं की टायमर गेलाय आणि मशीन जुनं आहे तर नवीनच घ्या. मी नवीन बघायलाही लागले होते, पण बाबांनी थांबवलं. त्यांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली, ड्रायर मात्र घरात कधी नव्हता, तिकडे गच्चीवरची दोरी. त्यांनी विचारलं, "टायमर गेला असेल तर कपडे गार का? आणि दुसऱ्या सेटिंगला नॉब हलतो का ते बघितलंस?"

नव्हतं बघितलं. टाइम्ड ड्रायवर (ठरावीक मिनिटांच्या सेटिंगवर) लावला, तर नॉब व्यवस्थित सरकायला लागला! म्हणजे टायमरची मोटर ठणठणीत.

इथली खरी गंमत मला तेव्हा कळली आणि ती नॉबवाला जुना ड्रायर असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. टाइम्ड ड्रायमध्ये टायमरला सतत करंट मिळतो, पण अशा बऱ्याच मॉडेलमध्ये ऑटो ड्रायला तो फक्त हीटर बंद असतानाच मिळतो. कपडे ओले असतात तोवर ड्रम लवकर तापत नाही, हीटर चालू राहतो, टायमर थांबून राहतो, मग कपडे वाळत आले की हवा गरम होते, थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारा स्विच) हीटर बंद करतो आणि तेवढा वेळ टायमर पुढे सरकतो. आता हीटरच मेलेला असेल तर? हवा कधीच तापणार नाही, थर्मोस्टॅट हीटर कधीच बंद करणार नाही, टायमर कधीच सरकणार नाही, ड्रायर सकाळपर्यंत फिरेल.

बाबांनी आधी ब्रेकर बघायला लावला. आपल्याकडे घरात एक फेज, एक न्यूट्रल आणि २३० व्होल्ट, इथे ड्रायरला १२०-१२० च्या दोन लाइव्ह वायर येतात, मोटर एकीवर चालते आणि हीटरला दोन्ही मिळून २४० लागतात. त्यामुळे ३० ॲम्पच्या जोड ब्रेकरची एकच बाजू गेली तरी ड्रम मजेत फिरतो, उष्णता मात्र शून्य. ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू केला, फरक नाही. मग ब्रेकर बंद, प्लग काढला (बाबांनी तो काढलेला प्लग माझ्या हातात दिल्याशिवाय मागचा पत्रा उघडू दिला नाही), हीटरच्या वायर सोडवून मल्टिमीटर लावला. हीटरच्या चांगल्या कॉइलला साधारण १० ओहम दिसतात, आमचा काटा जागचा हलला नाही. कॉइल एका ठिकाणी तुटलेली. नवीन मागवली, चाळीस डॉलर.

त्या निमित्ताने मागचा डक्टही (गरम हवा बाहेर सोडणारा पाइप) काढला आणि तिथे मात्र मी हादरले, लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंचा, गठ्ठाच्या गठ्ठा! पुढची जाळी मी दर वेळी साफ करते, पण भिंतीतून बाहेर जाणारा पाइप घर घेतल्यापासून कोणी बघितलाच नव्हता. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने दिलेला आकडा आहे, घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण साफसफाई न करणं. आमच्याकडे फॉइलचा चुरगळलेला पाइप होता, तो काढून कडक पत्र्याचा चार इंची बसवला.

तुमचं लक्षण वेगळं असेल तर कारणही वेगळं असणार. दार उघडल्यावरही ड्रम फिरतोय म्हणजे डोअर स्विच चिकटलाय, तसा ड्रायर अजिबात वापरू नका. मशीन बंद असूनही आत गरम लागतंय तर तुटलेली कॉइल बाहेरच्या पत्र्याला टेकलेली असू शकते, हे सगळ्यात धोक्याचं, कारण एक लाइव्ह वायर तिथे कायम असते, लगेच ब्रेकर पाडा. कपडे वाळलेत आणि ड्रम मधूनमधून थोडा वेळ फिरून थांबतोय, तर तो बिघाड नाही, सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेली सोय आहे, तिचं बटण बंद करा. नव्या मशीनमध्ये ड्रमच्या आत ओल ओळखणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या असतात, ड्रायर शीटचा (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायच्या कागदाचा) थर बसला की त्या चुकीचं सांगतात, रबिंग अल्कोहोलने पुसून घ्यायच्या. गॅसच्या ड्रायरला मात्र मी हात लावणार नाही, तिथे माणूस बोलवा.

कॉइल बसवल्यावर पहिला लोड आईच्या साड्या आणि टॉवेलचा लावला. बाबा स्टूल घेऊन समोर बसले, घड्याळ हातात. बराच वेळ नॉब हललाच नाही, माझा जीव खालीवर, ते म्हणाले, "थांब, अजून ओले आहेत." मग कट् करून हीटर बंद झाल्याचा आवाज आला आणि नॉब सरकला.

ड्रायरच्या बाजूला बाबांच्या अक्षरात डक्ट साफ केल्याची तारीख मार्करने लिहिलेली आहे. या जानेवारीत तिच्याखाली मी दुसरी लिहिली आणि फोटो साताऱ्याला पाठवला.