आमची वाटचाल : चार माईक आणि दादाची केबल

आमचं काम साउंडचं, पण लग्नाबिग्नाचं नाही, शास्त्रीय मैफिलींचं. १९९६ ला मावसभाऊ बाळूदादा आणि मी सुरू केलं तेव्हा चार माईक, बारा चॅनलचा मिक्सर आणि दादाचं सोल्डरिंग आयर्न एवढीच इस्टेट. दादाने तेव्हा सोल्डर केलेली एक केबल अजून चालते, पिनजवळ लाल चिकटपट्टी आहे, ती मी कोणालाच हात लावू देत नाही.

त्याआधी दादा मला नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या, टाटा थिएटरला घेऊन गेला होता. १९८० ला सुरू झालेलं, हजारेक खुर्च्या, डिझाइन फिलिप जॉन्सनचं, ध्वनीचं काम सिरिल हॅरिसचं, आणि मुळात माईकशिवाय ऐकू जावं म्हणूनच बांधलेलं. मागच्या रांगेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, कानात उतरली आणि कळलं, साउंडवाल्याने आधी आहे तो आवाज सांभाळायला शिकावं.

पुढची वर्षं बरी गेली. मग एक हॉल, अकरा वर्षं आम्ही सांभाळलेला, एका मोठ्या पार्टीने निम्म्या रेटमध्ये उचलला, आणि आम्ही नुकताच लोन काढून डिजिटल मिक्सर घेतलेला. साधा फोन नाही हो! मी नेहमीसारखा टेम्पो घेऊन गेलो तर गेटवर त्यांचे स्पीकर उतरत होते. पहिल्याच मैफिलीत डग्गा इतका फुगवला की गायकाचे शब्द कळेनात. लोक फोन करून मला सांगत होते, पण हप्ता माझ्या डोक्यावर होता. अजून आठवलं की रात्री झोप येत नाही.

ते आठ महिने आमच्या ताईंनी जगवलं. गायिका आहेत, नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, घरची बैठक, सगळं आम्हालाच, पैसे आधी. आयोजकांना सरळ सांगायच्या, "साउंड आमचा मुलगा बघेल."

नवीन मुलांना सांगतो, रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज फायनल समजू नका. माणसं भरली की कपडे आवाज पितात, धार जाते. लगेच ट्रेबल वाढवू नका, आधी मागे जाऊन बसा. तंबोऱ्याचा माईक भोपळ्यासमोर नको, घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, बाजूला घ्या, नाहीतर नुसता घुमतो.

गेल्या वर्षी तो हॉल परत आमच्याकडे आला. रेट कमी केला नाही. पहिली मैफल ताईंची. तंबोरे लागले, दादा मिक्सरवर होता, मी मागच्या रांगेत जाऊन बसलो.