अँटिव्हायरसचा लाल शेरा आणि दोन बिघाडांचा गुंता

घरच्या संगणकावरील अँटिव्हायरस ‘संरक्षण अपुरे आहे’ असा लाल शेरा दाखवू लागला आणि त्याच सुमारास फोल्डर उघडायला व फाइली कॉपी व्हायला नको इतका वेळ लागू लागला. अपडेटचे बटण दाबले की पट्टी थोडी पुढे सरकत असे, मध्येच थांबत असे आणि ‘अपडेट होऊ शकले नाही, नंतर प्रयत्न करा’ एवढे सांगून मोकळी होत असे. विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर मात्र हिरवी खूण कायम होती. घरात सल्ला मिळाला की सरळ काढून टाक आणि पुन्हा टाक. हा सल्ला वाईट नाही, पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. परंतु कारण न कळता केलेला उपाय किती टिकेल हे सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत टिपून ठेवायचा आणि त्याचा परिणाम दिसल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, असे ठरवून मी कामाला लागले.

सर्वांत आधी एक शंका फेडणे आवश्यक होते. अँटिव्हायरसचे अपडेट बंद पडणे हा नुसता बिघाड असतो तसा तो एखाद्या व्हायरसचा उद्योगही असू शकतो. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर हा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो ज्या संगणकात शिरे तेथे अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळे उघडू देत नसे आणि विंडोजचे अपडेटही बंद पाडत असे. म्हणून मी प्रथम होस्ट्स नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. विंडोज फोल्डरातील सिस्टिम३२, त्यातील ड्रायव्हर्स आणि त्यातील ईटीसी अशा वाटेने गेले की ती सापडते. तिच्यात अँटिव्हायरस कंपनीच्या पत्त्यापुढे भलताच आकडा घालून ठेवला, तर संगणक अपडेट मागायला चुकीच्या ठिकाणी जातो. माझ्या फाइलमध्ये # या खुणेने सुरू होणाऱ्या, म्हणजे केवळ माहितीपर असलेल्या ओळींखेरीज काही नव्हते. त्यानंतर दुसऱ्या, निर्धोक संगणकावर बचाव पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरूनच संगणक सुरू केला आणि संपूर्ण डिस्क तपासून घेतली. या तपासणीत विंडोज सुरूच झालेले नसते, त्यामुळे दडून बसलेल्या व्हायरसला तपासणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही. काहीही सापडले नाही, तेव्हा हा बिघाडच आहे असे धरून पुढे जायला हरकत नव्हती.

लाल शेरा असताना पहारा मुळात चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी आयकार चाचणी फाइलचा उपयोग झाला. ही अवघी ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, परंतु अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवल्याप्रमाणे त्यांचे प्रोग्राम तिला व्हायरस मानून पकडतात. ती ओळ नोटपॅडमध्ये टाकून मी फाइल साठवली. इशारा आला, पण बऱ्याच वेळाने. तोपर्यंत फाइल डेस्कटॉपवर निवांत दिसत होती आणि नुसत्या क्लिकने निवडताही येत होती. म्हणजे पहारेकरी जागा होता, मात्र त्याचे पाय जड झाले होते आणि त्याच्याकडील संशयितांची यादी जुनी होती.

यानंतर अँटिव्हायरसच्या नोंदी वाचल्या. या नोंदींकडे सहसा कोणी फिरकत नाही, कारण त्या कंटाळवाण्या असतात. पण बिघाडाचे उत्तर बहुतेक वेळा तेथेच लिहिलेले असते असे माझे मत आहे. अपडेट फसल्याच्या ओळींत ‘प्रमाणपत्र अवैध’ असा उल्लेख वारंवार येत होता आणि काही ओळींवरील तारखा हा संगणक घरात येण्यापूर्वीच्या होत्या! संगणकाचे घड्याळ मागे जात होते, हे त्या ओळींनी सांगितले. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध आहे की नाही, हे संगणक आपल्याच घड्याळावरून ठरवतो. घड्याळ काही वर्षे मागे असेल तर प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असा त्याचा समज होतो आणि तो जोडणी नाकारतो. ब्राउझरने ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असा इशारा अधूनमधून दिलाही होता. तेव्हा घरातील कोणीतरी तारीख दुरुस्त करून काम पुढे चालू ठेवत असे, आणि रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की सकाळी पुन्हा तेच होत असे.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. संगणकाची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे मुख्य काम. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत तो सीआर२०३२ या प्रकारचा, ३ व्होल्टचा असतो. बदलणे अवघड नाही: विजेची वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, बाजूची छोटी पकड हलकेच ढकलून जुना सेल उचलावा आणि नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवावा. मात्र सेल काढल्यावर मदरबोर्डच्या मूळ मांडणीतील (बायोसमधील) काही बदललेली सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी होऊ शकतात. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकते, म्हणून ती आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी. सेल बदलून तारीख नीट लावली आणि अपडेट पहिल्याच वेळी पूर्ण झाले. लाल शेरा गेला.

संगणक मात्र पूर्वीइतकाच मंद राहिला. आतापर्यंत दोन्ही तक्रारी एकाच बिघाडाची लक्षणे वाटत होत्या, कारण त्या एकाच सुमारास लक्षात आल्या होत्या. सेलने हे समीकरण मोडले. वहीतील नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा दिसले की मंदपणा सध्याचा अँटिव्हायरस बसवल्यापासूनचा होता आणि लाल शेरा त्यानंतर कधीतरी सुरू झाला होता. या अँटिव्हायरसच्या आधी संगणकासोबत आलेला, ठरावीक मुदतीपुरता मोफत असलेला दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस त्यावर होता आणि तो विंडोजच्या नेहमीच्या यादीतून रीतसर काढलेला होता. यादीत त्याचे नाव नव्हते, स्टार्ट मेनूतही नव्हते.

येथे थोडे खोलात जावे लागते. अँटिव्हायरस हा साध्या प्रोग्रामसारखा वरवर बसत नाही. प्रत्येक फाइल उघडताना, लिहिताना आणि बंद करताना ती आधी आपल्या नजरेखालून जावी यासाठी तो विंडोजच्या गाभ्यात एक फिल्टर ड्रायव्हर बसवतो. असे अनेक फिल्टर एकावर एक रचलेले असतात आणि कोणी वर बसायचे, कोणी खाली, याचे क्रमांक मायक्रोसॉफ्ट ठरवून देते. अँटिव्हायरसांसाठी साधारण ३,२०,००० ते ३,२९,९९९ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएलटीएमसी ही आज्ञा दिली की त्या क्षणी चालू असलेल्या फिल्टरांची नावे आणि क्रमांक समोर येतात. माझ्या पडद्यावर त्या पट्ट्यात एक नाव सध्याच्या अँटिव्हायरसचे होते आणि दुसरे एक अनोळखी, पाचसहा अक्षरांचे, कोणताही अर्थ न लागणारे. त्याच नावाची फाइल ड्रायव्हर्सच्या फोल्डरात शोधून, तिच्या गुणधर्मांतील डिजिटल स्वाक्षरी पाहिली, तेव्हा तेथे जुन्या कंपनीचे नाव निघाले. प्रोग्राम गेला होता, फिल्टर मागे राहिला होता. प्रत्येक फाइल दोन नाक्यांवर थांबत होती आणि त्यांतला एक नाका ओस पडलेला होता.

हिरव्या खुणेचाही उलगडा याच वेळी झाला. विंडोजचे सुरक्षा केंद्र प्रत्येक अँटिव्हायरसची स्वतः परीक्षा घेत नाही. ज्याने नोंदणी केली आहे त्याने कळवलेली स्थिती ते दाखवते. जुन्या प्रोग्रामची नोंदणीही मागे राहिली होती आणि ‘मी चालू आहे’ हा तिचा शेवटचा निरोप तसाच टिकून होता. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला असला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, बाजूला होतो, हे लक्षात घेतले तर अशी भुताटकीची नोंद किती महागात पडू शकते हे कळेल.

ड्रायव्हरची फाइल हाताने खोडून टाकण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळावा. फाइल गेली आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील, तिची नोंद राहिली, तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. गाभ्यातील एवढासा दोष काय करू शकतो हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि त्यांतील पुष्कळांना सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढेच भाग घेऊन सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये, नेऊनच सोडवावे लागले.

बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपले अवशेष साफ करण्यासाठी वेगळे साधन मोफत देतात. ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, आणि ते शोधताना समोर येणाऱ्या ‘मदत क्रमांकां’वर फोन करू नये, त्यांतील कित्येक क्रमांक संगणकाचा ताबा मागून पैसे उकळणाऱ्यांचे असतात. मी कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर घेतली, गरज पडल्यास विंडोज मागच्या स्थितीत नेता यावे म्हणून रिस्टोअर पॉइंट तयार केला आणि शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडले. मग ट्रबलशूट, त्यातील प्रगत पर्याय आणि स्टार्टअप सेटिंग्ज असे जात, पुन्हा सुरू झाल्यावर ४ हा आकडा दाबला की सेफ मोड मिळतो. सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड ठाऊक असल्याची खात्री आधी करून घेतली होती. नेहमीच्या स्थितीत अँटिव्हायरसचे ड्रायव्हर स्वतःला हात लावू देत नाहीत, कारण व्हायरसने त्यांना काढू नये हीच त्यांची रचना असते. सेफ मोडमध्ये ते सहसा उठलेलेच नसतात. साधनाने आपले काम मुकाट्याने केले आणि संगणक पुन्हा सुरू करायला सांगितले.

‘पुन्हा सुरू करा’ याचा अर्थ येथे शब्दशः घ्यावा. विंडोज ८ पासून शट डाउन केल्यावर, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर, गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. संगणक रोज बंद करणाऱ्या घरातही त्यामुळे ड्रायव्हरांची तीच स्थिती कित्येक दिवस पुढे चालत राहू शकते. रीस्टार्टमध्ये तसे होत नाही. गाभा नव्याने उभा राहतो.

संगणक नव्याने उभा राहिल्यावर एफएलटीएमसीच्या यादीत ते अनोळखी नाव नव्हते. छायाचित्रांचे जे फोल्डर उघडताना चौकटी एकेक करून भरत असत, ते एकदम उघडले. आयकारची ओळ पुन्हा नोटपॅडमध्ये टाकून साठवली, तर फाइल डेस्कटॉपवर उमटण्याआधीच इशारा आला.

अद्ययावत झालेल्या अँटिव्हायरसने पहिल्या पूर्ण तपासणीत एक फाइल उचलून विलगीकरणात टाकली. ती जुन्या स्कॅनरच्या प्रोग्रामची होती आणि तिच्याविना स्कॅनर चालेना. अशी फाइल लगेच सोडवूही नये आणि कायमची पुसूही नये. त्याच प्रोग्रामची मूळ प्रत माझ्याकडे वेगळ्या डिस्कवर होती. विंडोजमधीलच सर्टयूटिल या साधनाने तिच्यातील त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढला आणि तो व्हायरसटोटलवर शोधला. ही सेवा २००४ पासून चालू असून २०१२ पासून गुगलकडे आहे आणि सत्तरहून अधिक तपासक एकाच फाइलबद्दल काय म्हणतात ते ती दाखवते. शक्य असेल तेथे तिच्यावर फाइल न चढवता नुसता हॅश शोधावा, कारण चढवलेली फाइल इतर अभ्यासकांनाही उपलब्ध होऊ शकते. घरच्या कागदपत्रांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे. माझ्या फाइलवर मोजक्याच तपासकांचा आक्षेप होता, तोही ‘संशयास्पद’ इतकाच मोघम, आणि फाइलवरील स्कॅनर कंपनीची स्वाक्षरी शाबूत होती. मी ती परत आणली आणि अपवादाच्या यादीत केवळ त्या एका फाइलची नोंद केली. संपूर्ण फोल्डर किंवा संपूर्ण ड्राइव्ह अपवादात टाकण्याची सवय पुष्कळांना असते. त्यापेक्षा अँटिव्हायरस नसलेला काय वाईट!

जुन्या प्रोग्रामची आणखी एक खूण शोधायची होती. सुरक्षित संकेतस्थळांवरील मजकूर तपासता यावा म्हणून काही अँटिव्हायरस ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये उभे राहतात आणि त्यासाठी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत घालतात. सफाईच्या साधनाने ते काढले असेल असे मी गृहीत धरले नाही. स्टार्टमध्ये प्रमाणपत्रांचे व्यवस्थापन शोधून विश्वासू मूळ प्रमाणपत्रांची यादी उघडली, तर जुन्या कंपनीच्या नावाची एक ओळ तेथे होतीच आणि तिची मुदत आणखी बरीच वर्षे शिल्लक होती. तिची प्रत बाहेर काढून ठेवली, मग ती यादीतून काढली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि रोजच्या वापरातील संकेतस्थळे एकेक करून पाहिली. सगळी विनातक्रार उघडली, तेव्हा ती प्रतही पुसून टाकली.