रिकाम्या टॅगांचे अकरा दिवस

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकहाऊसची जुनी नोंदणी-प्रणाली एका वाहतूक कंपनीच्या वेब सेवेशी एंटरप्राइझ सर्व्हिस बसवरून (वेगवेगळ्या प्रणालींमधले संदेश पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरवरून; पुढे नुसते 'बस') जोडण्याचे काम मार्चअखेरीस माझ्याकडे आले, तेव्हा चार दिवसांत ते उरकेल असे मी मालकांना सांगून बसलो होतो. पॅकहाऊसची बाजू सोप (टॅगांत माहिती गुंडाळणाऱ्या एक्सएमएल-संदेशांची नियमावली) १.१ ची आणि कंपनीची १.२ ची असल्यामुळे एन्व्हलप, म्हणजे संदेशाचे बाहेरचे वेष्टन, बदलणे, 'टेक्स्ट/एक्सएमएल' ऐवजी 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' हा कंटेंट-टाइप (संदेश कोणत्या प्रकारचा हे सांगणारी खूण) लावणे वगैरे पहिल्याच दिवशी झाले.

गाडीची मागणी कंपनीकडे नीट पोहोचत होती. तिकडून येणारे उत्तर मात्र माझ्या एक्सएसएलटीतून (एक्सएमएलचे रूप बदलणाऱ्या सूचनासंचातून) बाहेर पडताना पेंढा भरलेल्या पण आंबा नसलेल्या पेटीसारखे दिसे: सारे टॅग जागच्या जागी, आत गाडीचा क्रमांक नाही की वेळ नाही, आणि लॉगमध्ये एकही त्रुटी नाही. कंपनीच्या तांत्रिक कार्यालयाला लिहिले, तर तीन दिवसांनी "आमची सेवा सुरळीत चालू आहे, आपली बाजू तपासावी" एवढेच उत्तर आले. नमुन्याचा संदेश त्यांनी वर्ड फाइलमध्ये दिला होता. त्यावर माझी एक्सएसएलटी दर वेळी अचूक चाले, त्यामुळे मी बसच्याच सेटिंगमध्ये आठवडा घालवला. इकडे हंगाम सुरू झालेला, आणि पॅकहाऊसमधील मुले गाड्यांचे क्रमांक फोनवर विचारून वहीत उतरवत होती.

अकराव्या दिवशी बसवर आलेला संदेश कोणताही बदल होण्याआधी जसाच्या तसा लॉगमध्ये उतरवून घेतला (हे पहिल्या दिवशीच करावे, हा माझा कळकळीचा सल्ला) आणि उलगडा झाला. खऱ्या उत्तराच्या मूळ एलिमेंटवर (सर्वांत बाहेरच्या टॅगवर) प्रीफिक्स, म्हणजे नावाआधीचे छोटे उपपद, नसलेला डीफॉल्ट नेमस्पेस (टॅगांची नावे कोणत्या कुळातली हे सांगणारा पत्ता) होता. वाचायला सोपे जावे म्हणून की काय, वर्ड फाइलमधून तो कुणीतरी गाळला होता. एक्सएसएलटी १.० ही १९९९ ची शिफारस असून, तिच्या एक्सपाथमध्ये (टॅगपर्यंतचा मार्ग लिहिण्याच्या भाषेत) प्रीफिक्सविना लिहिलेले नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेले नाव. त्यामुळे टॅगचे नाव अक्षरशः तेच असूनही माझ्या मार्गाला तिथे काहीच सापडत नव्हते, आणि काही न सापडणे ही त्याच्या लेखी चूक नव्हेच.

उपाय दोन ओळींचा निघाला. तोच नेमस्पेस आपल्या पसंतीच्या प्रीफिक्सने एक्सएसएलटीत जाहीर करायचा आणि मार्गातील प्रत्येक नावाला तो प्रीफिक्स लावायचा. मात्र नेमस्पेसचा पत्ता अक्षरन्अक्षर जुळला पाहिजे, शेवटची तिरकी रेघसुद्धा. २००७ च्या २.० आवृत्तीत यासाठी वेगळी सोय आहे, पण आमच्या बसवर १.० च होते. एका रात्री मी 'लोकल-नेम' ही टॅगचे नुसते नाव पाहणारी युक्ती वापरून वेळ मारून नेली होती, पण त्या युक्तीने नेमस्पेसकडे काणाडोळा होतो, आणि त्या उत्तरात गाडी व बिल या दोन्हींचे टॅग 'क्रमांक' याच नावाचे होते, म्हणून सकाळी ती काढून टाकली.

आणखी एक सांगायचे राहिले. पॅकहाऊस तारीख ०५/०४ अशी लिहिते, तर कंपनीला वर्ष-महिना-दिवस हा क्रम हवा असतो. ते तुकडे उलटसुलट जुळले, तर ५ एप्रिलचा माल ४ मेच्या गाडीत चढतो. मागणी तपासताना मी हे वेळेत पाहिले, याचे मला थोडे कौतुकही वाटते.

गाडीचा क्रमांक पडद्यावर उमटला तेव्हा मालकांनी "एवढ्यासाठी अकरा दिवस?" असे विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या कार्यालयाला नेमस्पेसचा उल्लेख करून मी सविस्तर पत्र पाठवले. त्यानंतर नमुना पुन्हा मागवला, तेव्हा तीच वर्ड फाइल आली.