रिरन केला की पास होणारी टेस्ट

आमच्याकडे पुण्यात एम्बेडेड लिनक्सच्या बोर्डांवर रोज रात्री ऑटोमेटेड टेस्ट चालतात, पायटेस्ट या पायथनच्या टूलमध्ये लिहिलेल्या. पद्धत अशी की टेस्टने जेवढं विचारलं तेवढं बरोबर आलं की पास. सेन्सरचं रीडिंग आलं, पास. बोर्ड सस्पेंडला, म्हणजे झोपेत, जाऊन परत उठला, पास. मधल्या मधे कर्नल लॉगमध्ये (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहितो तो लॉग) पानभर कॉल ट्रेस, म्हणजे गडबडीच्या वेळी कुठलं फंक्शन कोणी बोलावलं त्याची यादी, पडून गेला असेल तर तो बघतंय कोण! सिरियल कन्सोलचा लॉग सेव्ह व्हायचा, पण तो उघडायचे बोर्ड मेल्यावरच.

मग फील्डमधून काही बोर्ड परत आले, सस्पेंडला जाताना गोठणारे, आणि आमच्याकडे सगळं हिरवंगार. तेव्हा ठरलं की प्रत्येक टेस्टनंतर कर्नल लॉग तपासायचा, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कर्नलचा टेंट फ्लॅग, काही गडबड झाल्याची खूण ठेवणारा आकडा, कोडमधला वॉर्न मॅक्रो (इशारा छापणारी ओळ) वाजला की त्यात 512 चा बिट लागतो, एक फाइल वाचली की काम झालं. पण लॉकडेपचा, म्हणजे लॉक घेण्यातल्या चुका शोधणाऱ्या कर्नलच्या तपासनीसाचा, रिपोर्ट त्या मॅक्रोतून येत नाही, त्यामुळे तो बिट लागत नाही, आणि आम्हाला संशय नेमका लॉकिंगचाच होता. म्हणून केमेसेज, म्हणजे कर्नल लॉग वाचायची आणि त्यात लिहायची फाइल, वाचायला घेतला. टेस्ट सुरू व्हायच्या आधी तिचं नाव त्यातच लिहायचं, म्हणजे कुठली ओळ कोणाच्या वेळी पडली ते कळतं (फाइलसिस्टिमवाले एक्सएफएसटेस्ट्समध्ये हेच करतात, मी काही शोध लावलेला नाही).

पहिल्या रात्री एरर आणि वॉर्निंग लेव्हलची प्रत्येक ओळ पकडली तर निम्मा रिपोर्ट लाल. मॉड्यूल रिलोड करणाऱ्या प्रत्येक टेस्टला तीच ओळ, सप्लाय सापडला नाही म्हणून डमी रेग्युलेटर वापरतोय, जी आमच्या बोर्डावर कायमच येते आणि कोणाचं काही बिघडत नाही. मग लेव्हल सोडून ठरावीक पॅटर्न धरले, ऊप्स (कर्नलचा क्रॅश), केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा), वॉर्निंगचा कॉल ट्रेस, लॉकडेप, 120 सेकंद अडकलेला टास्क वगैरे. तरी एक टेस्ट लाल ती लालच, कारण तिच्या नावातच बग शब्द होता आणि मीच ते नाव लॉगमध्ये लिहीत होते 😄 त्याला उपाय सोपा आहे, केमेसेजच्या ओळीच्या सुरुवातीचा आकडा बघायचा, कर्नलची स्वतःची वॉर्निंग 4 असते आणि युझरस्पेसमधून लिहिलेली 12, म्हणजे आकडा 8 किंवा जास्त असेल तर ती ओळ सोडून द्यायची.

एवढं झाल्यावर रिपोर्ट शांत झाला, फक्त रोज एक टेस्ट लाल. आणि रोज वेगळी! आज सस्पेंडची, उद्या सॅम्पलिंग रेट बदलायची, परवा मॉड्यूल काढायची. आणि रिरन मारला की पास, दर वेळी. ड्रायव्हर लिहिणारा सिनियर म्हणाला, "अगं तुझा चेकच फ्लेकी आहे, कधी पास कधी फेल, बंद कर तो."

लॉग मात्र तिन्ही दिवस तोच. पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी डिटेक्टेड, आणि खाली दोन नावं, आमच्या ड्रायव्हरचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) आणि पोलिंगचं वर्क (सेन्सरला सारखं विचारत राहणारं मागचं काम). लॉकडेप एकदा असा रिपोर्ट छापला की स्वतःला बंद करून घेतो, पुढच्या रिबूटपर्यंत. आमचे रिरन त्याच चालू बोर्डवर व्हायचे, म्हणजे तपासणारा आधीच घरी गेलेला, पास होणारच की. आणि टेस्टचा क्रम रोज शफल होतो, त्यामुळे पोलिंग थांबवणारं फंक्शन जी टेस्ट पहिल्यांदा बोलावेल तिच्या माथी लाल शिक्का.

मी लॉकडेप स्टॅट्सची फाइल उघडून सिनियरला दाखवली, डेबग लॉक्स शून्य, म्हणजे लॉकडेप बंद. बोर्ड रिबूट केला, एक झालं. तीच टेस्ट एकटी चालवली, लाल, परत शून्य. मग तो गप्प बसून कोड वाचायला लागला आणि पाचेक मिनिटांत म्हणाला, "हे माझंच आहे." थांबवणारं फंक्शन म्युटेक्स धरून वर्क संपायची वाट बघत होतं आणि ते वर्क आत जाऊन तोच म्युटेक्स मागत होतं. दोघं एकाच वेळी आले तरच अडकतात, म्हणून टेस्टमध्ये कधी गोठलं नाही. लॉकडेपला प्रत्यक्ष अडकायची गरज नसते, लॉक घेण्याचा क्रम बघूनच तो ओरडतो, पण त्याने वेग कमी होतो म्हणून तो फक्त रात्रीच्या डेबग कर्नलमध्ये चालू असतो, फील्डमध्ये नाही.

फिक्स अगदी छोटा, म्युटेक्स घेऊन फ्लॅग लावायचा, म्युटेक्स सोडायचा, मग वर्क कॅन्सल करायचं. मी आता प्रत्येक टेस्टनंतर डेबग लॉक्स पण तपासते, शून्य दिसलं की बोर्ड रिबूट केल्याशिवाय पुढची टेस्ट नाही.

फिक्स मर्ज झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत लाल! या वेळी वायफायच्या ड्रायव्हरचा लॉकडेप रिपोर्ट, इतके दिवस आमच्या रिपोर्टमागे दडलेला. तो व्हेंडरचा, आम्हाला हात लावता येत नाही, आणि अलाऊलिस्टमध्ये, म्हणजे माफ केलेल्या ओळींच्या यादीत, टाकूनही उपयोग नाही कारण ओळ माफ केली तरी लॉकडेप बंद पडतोच. सध्या वायफायच्या टेस्ट शफलमधून काढून सगळ्यात शेवटी ठेवल्यात, व्हेंडरकडे तिकीट पडून आहे.